शेवटचा तीन

पाथरवटाने दगडावरचं गोणपाट ओढलं आणि दोन पावलं मागे सरला. काम नामी झालं होतं. काळा, घोटलेला दगड आणि त्यावर एका ओळीत बारा आकडे. लोक घराला फुलांची नावं देतात, आईबापांची देतात. या निवृत्त गणितमास्तरांना दारावर आकडा हवा होता.

मास्तर चष्मा पुसून पुढे वाकले. एकेका आकड्यावरून बोट फिरवत गेले. बाराव्यावर बोट थांबलं.

"हे काय?"

"सहा," पाथरवट म्हणाला.

"तीन हवा होता."

पाथरवटाच्या लक्षात आलं. पत्र्याचा साचा शेवटच्या वेळी उलटा ठेवला गेला असणार. उलटा तीन म्हणजे चक्क सहाच. तरी त्याने उसनं अवसान आणलं. "मास्तर, तीनच तर जास्त झालेत. एवढ्या अब्जावधींत तीन म्हणजे दर्यामें खसखस."

"अहो, मूळ संख्या होती ती! एक आणि ती स्वतः, बाकी कशानेही भाग जात नव्हता. अठ्ठ्याहत्तर हजार भागाकार केलेत मी. हाताने. अकरा वर्षं! आणि तुम्ही ती सम करून ठेवलीत? आता शेंबडं पोरही सांगेल, दोनने भाग जातो म्हणून!"

एवढं बोलून ते दगडांच्या ढिगावर मटकन बसले. त्यांच्या बायकोने पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्यांच्या हातात दिली.

"ते पुसता नाही येणार?" तिने पाथरवटाला विचारलं.

"काळ्या दगडावरची रेघ ती, वहिनी. कशी पुसणार? नवा दगड देतो. पदरचा. आठ दिवसांत."

मास्तरांचं लक्षच नव्हतं. ते त्या सहाकडे टक लावून बघत होते.

"निम्मे केले," ते पुटपुटले, "तर शेवटी तीनच येतो की."

ते उठले. पाथरवटाचा खडू उचलून त्यांनी भिंतीला टेकवलेल्या कोऱ्या फरशीवर भागाकार मांडला. "तीनने नाही जात. पाचाचा प्रश्नच नाही. सातने बघू." मघाचा रडवेला आवाज पार पालटला होता.

पाथरवट पुन्हा नव्या दगडाचं बोलू लागला, तशी बाईंनी त्याला खुणेने कोपऱ्यात बोलावलं.

"नवा दगड अजिबात करायचा नाही. हाच न्यायचा."

"पण वहिनी, चूक माझी..."

"ऐका तर. अकरा वर्षं हा माणूस कुणाच्या अध्यात नव्हता की मध्यात. सहा महिन्यांपूर्वी तो आकडा सुटला आणि हे स्वयंपाकघरात शिरले. भांडी उतरत्या क्रमाने लावलीत. दुधाला उकळी यायला किती सेकंद लागतात, ते लिहून ठेवतात. परवा मला म्हणाले, तुझ्या भाज्या चिरण्यात सातत्य नाही."

पाथरवटाने कपाळावर हात मारून घेतला.

"सातने नाही जात!" तिकडून मास्तर ओरडले. पांढऱ्या धुळीने त्यांच्या भुवया माखल्या होत्या आणि चेहरा लग्नातल्या नवऱ्यासारखा फुलला होता. "अकराने बघतो!"

"बघा, बघा. सावकाश बघा," बाई म्हणाल्या. मग हळू आवाजात त्यांनी पाथरवटाला विचारलं, "किती वर्षं चालेल हो हे?"

"मला काय कळतंय, वहिनी? आठ-दहा चालेल."

बाईंनी दगडावरून प्रेमाने पदर फिरवला आणि त्याच्याकडे वळून म्हणाल्या,

"त्यानंतरचा दगडही तुमच्याकडूनच घेईन. असंच काहीतरी करून द्याल ना?"