श्वासाची जागा

“एखादं भजन म्हण न बाई,” मुलाची आई म्हणाली आणि मुलगी पाहायला येऊन छपरीत बसलेले पाहुणे गप्प झाले.

ओमेश्वरी सतरंजीवर टेकली. एक हात भुईला लावून, आधी उजवा गुडघा, मग डावा. पेटीवर साथीला बसलेल्या, तिला गाणं शिकवणाऱ्या गोवर्धन मास्तरांना कळलं, की आज पोरीची हाडं दुखताहेत. थंडी वाढली की दुखायचीच.

तिला सिकलसेल होता, आईबापांकडून आलेला रक्ताचा आजार. हे तिचे आईबाप आणि मास्तर सोडून त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. काजळ घातल्यावर डोळ्यांतला पिवळेपणाही नजरेत भरत नव्हता. दवाखान्यातल्या बाईंनी बजावलं होतं, लग्न जुळवताना लपवू नका, मुलाचंही रक्त तपासून घ्या. तिच्या बापानं, तेजरामनं, ते मान हलवून ऐकलं होतं आणि घरी येऊन आमगावच्या पाहुण्यांना निरोप धाडला होता. सकाळी त्याची बायको सुखवंता मास्तरांना म्हणाली, “तुम्ही फक्त पेटी वाजवजा. बाकी काही बोलू नोका.”

मास्तरांनी सूर धरला. टिकेश, म्हणजे मुलगा, मोबाइल पुढे करून रेकॉर्ड करू लागला.

लवकर दम लागणाऱ्या या पोरीला शिकवताना मास्तरांनी आपली सगळी शिस्त मोडली होती. लांब ताना काढून टाकल्या. ओळ मधेच तोडून श्वासाला जागा केली, आणि त्या जागेत पेटीचे सूर भरले. ऐकणाऱ्याला ती गाण्याचीच खुबी वाटे. वर्गातल्या पोरी म्हणायच्या, “ओमीचे नखरे.” मास्तरांना मात्र या कामाचा मनातून अभिमान होता.

पहिलं कडवं नीट झालं. दुसऱ्या कडव्यात ओमेश्वरी थांबली. जिथं जागा नव्हती तिथं, शब्दाच्या मधोमध. तोंड उघडं, नजर थेट मुलाच्या आईवर.

मुलाची आई पुढे झुकली. “काऊन वं…”

तिचा प्रश्न पुरा होण्याआधीच मास्तरांची बोटं धावली. उरलेली ओळ पेटीवर वाजली, वर एक नाजूक हरकत. पाहुण्यांनी माना डोलावल्या. शेवटच्या कडव्यात ती पुन्हा थांबली, आता जास्त वेळ. मास्तरांनी तेही भरून काढलं आणि भजन स्वतःच समेवर आणून टेकवलं.

“वा!” टिकेशचा बाप म्हणाला. मुलाची आई मास्तरांकडे वळली. “मास्तर, तुम्ही तिले रोज पाहून राहिले. तब्येत कशी आहे पोरीची?”

दारात सुखवंता उभी होती. पदर मुठीत आवळलेला. ओमेश्वरीनं मान वर केली.

“चांगली आहे,” मास्तर म्हणाले. “शिकवणीला कधी खाडा नाही.”

सुपारी फुटली.

मास्तर अंगणात येऊन चपला शोधत होते. ओमेश्वरी त्यांचा चहा घेऊन आली.

“सर, श्वास होता मले.”

“म्हणजे?”

“दोन्ही वेळा मी मुद्दाम थांबली. त्यांनी विचारावं म्हणून. माय-बाबूसमोर मले सांगता येत नोहतं.” तिनं कप पुढे केला. “तुम्ही पेटी काऊन वाजवली?”

मास्तरांनी कप घेतला. एवढंच आठवत होतं, की वाजवताना त्यांना छान वाटलं होतं.

“ओमी, पाया पड न सगळ्याइच्या!” आतून सुखवंतानं हाक मारली.

ती गेली. एकेका पाहुण्यापुढे वाकायची, भिंतीला हात लावून उठायची, पुढे सरकायची. आजेसासऱ्यापुढे वाकली ती बराच वेळ उठलीच नाही. खाली गेलेला चेहरा कोणाला दिसत नव्हता.

मुलाची आई शेजारणीला कौतुकानं म्हणाली, “पाह्य, कशी दमानं वाकते. आजकालच्या पोरी कुठं वाकतात?”