साहेबांचा साउंड ड्रायव्हर

कंपनीच्या मायक्रोकर्नल पद्धतीच्या ऑपरेटिंग सिस्टिमला आवाजच नव्हता. साउंड ड्रायव्हर, म्हणजे स्पीकर चालवणारा प्रोग्राम, लिहायला एक प्रोग्रामर बाई आठ महिने खपली, आणि तेवढे महिने तिचे साहेब येता-जाता विचारत राहिले, "काय मॅडम, फुटला का कंठ?" स्पीकरमधून पहिला स्वच्छ आवाज आला त्या दिवशी साहेब "आपला ड्रायव्हर" म्हणू लागले. हॉस्पिटलच्या मॉनिटरसाठी सिस्टिम पारखायला डॉक्टरीणबाई आल्या, तेव्हा तो "माझा" झाला.

पडद्यावर नाडीची रेघ पळत होती, स्पीकरवर धोक्याचा गजर वाजत होता.

"ड्रायव्हर मध्येच कोसळला तर?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कोसळेल कसा? ओळ न् ओळ मी स्वतः लिहिलीय," साहेब म्हणाले.

प्रोग्रामर बाई मागच्या खुर्चीतून उठली, कीबोर्डपाशी आली आणि तिनं एका कमांडनं ड्रायव्हर बंद पाडला. गजर थांबला. साहेब कीबोर्डकडे धावले.

"अहो, काय केलंत हे! अख्खं मशीन बंद पाडलंत!"

रेघ मात्र तशीच पळत होती. दोन सेकंदांत ड्रायव्हर आपोआप उभा राहिला आणि गजर पुन्हा वाजू लागला.

"एक ड्रायव्हर कोसळला तरी बाकीचे प्रोग्राम थांबत नाहीत, आणि तोही परत उठतो," ती शांतपणे म्हणाली. "मायक्रोकर्नल घेतलंय ते त्यासाठीच."

डॉक्टरीणबाईंनी आपली खुर्ची तिच्याकडे वळवली.

"साहेब, तुम्ही जरा चहाचं बघता का? आम्हाला ड्रायव्हरबद्दल बोलायचंय."