सात महिने, सोळा वर्षं

दिगंबर शिंत्र्यांना रक्ताचा कर्करोग होता. रोज एक गोळी घेतली की तो ताब्यात राहील, असं डॉक्टर म्हणाले होते. भेटेल तो म्हणे, "दिसता तर ठणठणीत!" आता ठणठणीत दिसणाऱ्या माणसानं कुरकुर तरी कशी करायची?

बायकोनं फारच धोशा लावला म्हणून ते आज अशाच रुग्णांच्या बैठकीला आले. शेजारच्या साठीतल्या बाईंनी विचारलं, "किती दिवस झाले?"

"सात महिने."

"मला सोळा वर्षं. त्या गोळीनं पोटऱ्यांत गोळे येतात का हो?"

शिंत्रे चमकले. हे त्यांनी घरीही सांगितलं नव्हतं.

"येतात. जिना चढताना रडू येतं," म्हणता म्हणता ते सगळ्यांसमोर रडू लागले.

बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. "सावकाश रडा. मग माझं गाऱ्हाणं ऐकायचंय तुम्हाला."