पिवळ्या टोप्या

“टोपी काढायची नाही. ऊन नसलं तरी नाही,” मावशीने वस्ती बघायला आलेल्या पाहुण्यांना बजावलं आणि पिवळ्या टोप्या वाटायला घेतल्या.

कारणही तिने हसत हसत सांगितलं. वस्तीत अनोळखी माणूस दिसला की चार जण आडवे येतात, कुठून आलात, कोणाकडे चाललात म्हणून उलटतपासणी घेतात. टोपीवाल्याला मात्र कोणी हटकत नाही. तो मावशीचा पाहुणा. त्याला वाट द्यायची, चुकला तर रांगेत आणून सोडायचं. हा नियम मावशीनेच घालून दिला होता आणि वस्ती तो इमानाने पाळत होती. फोटो काढायचे नाहीत, नाक दाबायचं नाही आणि बोळ अरुंद म्हणून एकामागे एक चालायचं, एवढं सांगून ती पुढे झाली.

वस्ती दाखवायला मावशीला मनापासून आवडायचं. बाहेरच्यांना वाटतं, इथे नुसती गटारं आणि भांडणं. तिने चेपलेले डबे ठोकून सरळ करणारा म्हातारा दाखवला, रंगाप्रमाणे प्लास्टिक निवडणाऱ्या बायका दाखवल्या, जिन्याऐवजी शिडी लावलेलं दुमजली घर दाखवलं.

“आमच्याकडे बाईमाणूस अपरात्रीसुद्धा एकटं फिरतं,” ती म्हणाली. “प्रत्येक दारातून एक डोळा तुमच्यावर असतो.”

पाहुण्यांना फार कौतुक वाटलं.

त्या डोळ्यांचा मावशीलाही मोठा आधार होता. तिची सून दोनदा घर सोडून निघाली होती आणि दोन्ही वेळा वस्तीनेच तिला परत आणलं होतं, एकदा नळाजवळून आणि एकदा थेट मोठ्या रस्त्याच्या तोंडावरून. मुलगा कामासाठी परगावी होता, परवा येणार होता. त्याचा हात जरा जड होता, हे मावशी नाकारत नव्हती. पण हात जड म्हणून कोणी संसार मोडतं का? मावशीनेही नवऱ्याचा मार खाल्ला होता, ती काय मेली? विहीण मध्ये एकदा मुलीला न्यायला आली, तेव्हा मावशीने तिला उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं. आता परवापर्यंत सून घरात राहिली की मावशी सुटली. नाहीतर मुलाला काय तोंड दाखवायचं? त्याच्या रागाला तीही भ्यायची, फक्त कबूल करायची नाही.

फिरत फिरत रांग तिच्याच घरापाशी आली. मावशीने दाराची बाहेरची कडी काढली. कडी बाहेरून का, असं एकाने विचारलंच. हल्ली चोऱ्या फार होतात, मावशी म्हणाली. आत सून मान खाली घालून पिशव्या शिवत होती. ही सून नव्हे, माझी लेकच, असं मावशीने सांगितलं. सुनेने मान वर केली नाही आणि मशीनही थांबवलं नाही.

पाहुण्यांतली एक बाई सकाळपासून खोकत होती. धुळीचा त्रास असावा. तोंडाला स्कार्फ, डोळ्यांवर काळा चष्मा, अंगात गुडघ्यापर्यंत लोंबणारा कोट. ती एकदम खाटेवर बसली आणि जरा टेकू द्या, अशी हातानेच खूण केली. पाहुण्याला नाही कसं म्हणणार? मावशीने तिला पाणी दिलं. बाहेर पडताना समोरच्या शेजारणीला, घराकडे बघ, असं डोळ्यांनीच सांगितलं. शेजारीण डोळ्यांत तेल घालून बसणारी. तिच्या दारावरून मांजर गेलं तरी तिला पत्ता असायचा.

साबणाच्या कारखान्यात मावशीची टकळी रंगात आली होती, तेवढ्यात शेजारीण त्या बाईला घेऊन आली आणि तिला रांगेच्या शेवटी उभं करून गेली. जाता जाता मावशीच्या कानाला लागली. बाई बाहेर पडताच आपण लगेच कडी घातली, आत मशीन चालू आहे, काळजी नको. मावशीचा जीव भांड्यात पडला.

परतीच्या वाटेवर मोठं गटार होतं आणि त्यावर एकच फळी. बाकीचे झपझप पार झाले. खोकणारी बाई मात्र अलीकडेच थबकली. मावशी उलट आली आणि तिने तिचा हात धरला. हात गार पडला होता. थंडी भरली असेल, मावशीला वाईट वाटलं.

“घाबरू नका, ताई,” ती म्हणाली. “मी आहे ना. माझ्याबरोबर असल्यावर इथे तुम्हाला कोणी अडवणार नाही.”

बाईने तो हात पाहुण्यांच्या गाडीपर्यंत सोडला नाही. मावशीने तिला खिडकीशी जागा करून दिली, दार नीट लावलं आणि सांभाळून जा म्हणाली. खिडक्यांतून टोप्या परत आल्या. मावशीने मोजल्या, बरोबर भरल्या. गाडी दिसेनाशी होईपर्यंत ती हात हलवत उभी होती.

घरी येऊन तिने कडी काढली. सून पाठमोरी, डोक्यावरून ओढणी घेऊन मशीनवर बसली होती.

“बास झालं शिवणं,” मावशी म्हणाली. “घर आवर. परवा तो येतोय.”

मशीन थांबलं. ओढणी मागे सारून ती बाई वळली. विहीण होती.

“हात धरून गाडीत बसवलंत ना तिला?” तिने विचारलं.