हेल्मेटमधला रेडिओ

आमच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू, वेंडेल याच्या हेल्मेटमध्ये कोचच्या सूचना ऐकवणारा रेडिओ होता. सूचना पटली नाही की तो हमखास बंद पडायचा. वेंडेलच्या शेवटच्या सामन्यात आम्ही चार गुणांनी मागे होतो आणि एकच डाव उरला होता. बर्फात डोकी जोडून सगळे थरथरत होते. रेडिओ खरखरला. वेंडेलने हेल्मेटवर टिचकी मारली. "म्हातारा म्हणतोय, चेंडू घेऊन सरळ घुसा. आवाज तुटतोय बुवा! मी लांब फेकतो. टकर, तू पुढे पळून झेल घे. सुटला तर माझं निवृत्तीचं भाषण तू करायचंस." खिदळण्यात थरथर विरली. टकरने गोलरेषेपलीकडे झेल घेतला, आम्ही जिंकलो, स्टेडियम वेडं झालं. कोच धावत आले. "रेडिओ गेला हो," वेंडेल म्हणाला. "ठाऊक आहे, गाढवा. म्हणून तर पंधरा वर्षं मला हवं त्याच्या उलटच सांगतोय." वेंडेलने हेल्मेटवर टिचकी मारली. "काय म्हणालात, कोच?"