अर्धं मिनिट मागे

मी कॅमेरे बसवतो. गिऱ्हाइकाला "एकदम लाइव्ह दिसतं, साहेब!" असं बिनधास्त ठोकून देतो. खरं म्हणजे नेट रडत असलं की मोबाइलवरचं चित्र अर्धं मिनिट उशिरा पोचतं, पण ते कोण सांगतंय? आमच्या आजारी बाबांच्या पलंगासमोरही एक लावलाय. आज कामावर शिडीवरच बसलो होतो. कानातल्या हेडफोनमध्ये ताई, हातातल्या मोबाइलवर बाबा.

"ताई, मागे बघ. म्हातारा तुझी नक्कल करतोय."

"ती मघाशी केली असेल, येड्या. आता मेल्याचं सोंग घेऊन पडलेत." मग ती त्यांच्यावर डाफरली, "बाबा, पुरे! नर्स आहे मी, मला नाही फसवता येणार."

"गुदगुल्या कर. टुणकन उठतील."

हेडफोनमध्ये पलंग करकरला. मग ताई म्हणाली, "नाडी लागत नाहीये रे."

"झालं! तूपण सामील झालीस त्यांना?"

"अरे, खरंच नाही लागत!" तिचा आवाज फाटला.

मी मोबाइलकडे बघितलं. त्यात बाबा अजून टक्क जागे होते. ताईची पाठ वळलेली बघून त्यांनी कॅमेऱ्यातून मला डोळा मारला आणि ओठांवर बोट ठेवलं.

"बाबा, थांबा!" मी त्या काचेवर ओरडलो.

ते गालातल्या गालात हसले, आणि त्यांनी मजेत डोळे मिटून घेतले.