दगडावरचं नाव

सौदीतल्या राबिघ गावच्या कबरस्तानात कबरींवर नुसते दगड होते, नाव एकावरही नव्हतं. तीस वर्षांपूर्वी तिथेच नोकरीवर वारलेल्या वडिलांची कबर यासीनला सापडली नाही. बायकांना आत सोडत नसल्याने त्याची आई, शरफुन्निसा, फाटकाबाहेरच थांबली होती.

दुसऱ्या दिवशी त्याने तिला अल उलाजवळ डोंगरात कोरलेल्या प्राचीन कबरी दाखवायला आणलं. ती गाडीतून उतरेना.

“इथं अल्लाचा कोप झालेला आहे. थांबू नको, गाडी काढ.”

शेजारी गाइड एका दारावरचा कोरीव लेख वाचून दाखवत होता.

“काय म्हणतोय तो?”

“आत कोणाला पुरलंय त्याचं नाव, अम्मी. दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेलं.”

ती उतरली. सरळ कड्यापाशी गेली आणि दगडावर हात टेकला.

“दिलावर,” ती म्हणाली.

नवऱ्याचं नाव तिच्या तोंडून यासीनने पहिल्यांदाच ऐकलं.